लिनक्स सुरू होता होईना, बोलता बोलेना

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा पाठिंबा संपला आणि घरोघरच्या जुन्या मशीनवर लिनक्सची मिंट, उबुंटू, डेबियन ही रूपं चढू लागली. आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत आता दोनच तक्रारी जास्त असतात. एक, मशीन सुरू व्हायला फार वेळ घेतं. दुसरी, आवाज येत नाही, किंवा येतो तो धड येत नाही. या वेळचा स्तंभ या दोन तक्रारींना दिला आहे.

आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लहान अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाइप करायच्या. 'सुडो'ने सुरू होणारी आज्ञा रूटच्या, म्हणजे व्यवस्थापकाच्या हक्काने चालते. 'एलएस'सारखी सुटी अक्षरं दिसली की तीच अक्षरं, शब्द दिसला की त्याचं इंग्रजी स्पेलिंग. अडलात तर पहिली चार-पाच अक्षरं टाइप करून टॅबची कळ दाबा, उरलेला शब्द मशीन पुरा करतं. 'अ‍ॅनालाइझ' मात्र अमेरिकी पद्धतीचं, शेवटी झेड-ई असलेलं. तिथे एस टाइप करून 'आज्ञा सापडत नाही' अशी पत्रं दर महिन्याला येतात.

प्रश्न: नऊ वर्षांच्या डेस्कटॉपवर लिनक्स मिंट आहे. महिन्यापूर्वी शेजारच्या पार्टिशनवर डेबियन घालून पाहिलं, तेव्हापासून मिंट सुरू व्हायला सव्वादोन मिनिटं लागतात. कोणत्या सेवेने किती वेळ घेतला हे दाखवणाऱ्या 'सिस्टमडी-अ‍ॅनालाइझ ब्लेम'च्या यादीत सगळ्यांत वर प्लायमाउथ-क्विट-वेट आणि नेटवर्कमॅनेजर-वेट-ऑनलाइन दिसल्या. दोन्ही बंद केल्या, ब्लूटूथ आणि प्रिंटरच्या सेवाही बंद केल्या. फरक शून्य. नुसत्या 'सिस्टमडी-अ‍ॅनालाइझ'चे आकडे: कर्नल (लिनक्सचा गाभा) ३५ सेकंद, यूजरस्पेस (त्यानंतर सुरू होणाऱ्या सेवा) १ मिनिट ३९ सेकंद.
(एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर: आधी ब्लूटूथ आणि प्रिंटर परत चालू करा, त्यांचा यात काही संबंध नाही. ब्लेमची यादी फसवी असते. सेवा एकाच वेळी, शेजारी शेजारी सुरू होतात, आणि एखादी सेवा दुसरीची वाट पाहत बसली तर तो वेळही तिच्याच नावावर लागतो. प्लायमाउथ-क्विट-वेटचं काम एवढंच, की बूट आटोपलं की पडद्यावरचं चित्र उतरवायचं. तिला दोष देणं म्हणजे पंगत उशिरा उठली म्हणून पानं उचलणाऱ्याला बोल लावणं. वेट-ऑनलाइन मात्र बंद राहिली तरी चालेल, बूटच्या वेळी नेटवर्कवरचं एखादं फोल्डर जोडायचं नसेल तर.

यादीऐवजी साखळी बघा:

सिस्टमडी-अ‍ॅनालाइझ क्रिटिकल-चेन

यात अ‍ॅट-चिन्हापुढचा आकडा म्हणजे ती सेवा बूटच्या कितव्या सेकंदाला तयार झाली, आणि अधिक-चिन्हापुढचा म्हणजे तिने स्वतः किती वेळ खाल्ला. पण तुमच्या बाबतीत तेही लागणार नाही, कारण पत्रातले दोन आकडेच बोलतात. कर्नलला पाचेक सेकंद पुरतात, वर ३० चढले आहेत. यूजरस्पेसला हार्ड डिस्कवर दहाच्या आसपास लागतील, वर ९० चढले आहेत. हे ३० आणि ९० कामाचे सेकंद नाहीत, वाट पाहण्याच्या ठरलेल्या मुदती आहेत. सिस्टमडी, म्हणजे बूटच्या वेळी सगळ्या सेवा सुरू करणारा प्रोग्राम, न सापडणाऱ्या डिस्कची दीड मिनिट वाट पाहतं आणि मग नाद सोडतं. बूट चालू असताना एस्केप दाबलंत तर चित्र बाजूला होऊन 'ए स्टार्ट जॉब इज रनिंग' ही ओळ आणि तिच्यापुढे १ मिनिट ३० सेकंदांकडे सरकणारं घड्याळ दिसेल.

न सापडणारी वस्तू बहुतेक स्वॅपच आहे, म्हणजे रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा, आणि ते असं कळतं. बूटच्या वेळी जोडायच्या पार्टिशनांची यादी असलेल्या /इटीसी/एफएसटॅब या फाइलमधलं साधं डेटा पार्टिशन हरवलं असतं, तर दीड मिनिटानंतर मशीन इमर्जन्सी मोडच्या काळ्या पडद्यावर अडकलं असतं. स्वॅप हरवली तर मात्र सिस्टमडी वाट पाहून पुढे निघून जातं. तुमचं मशीन शेवटी लॉगिनपर्यंत पोचतं आहे.

ती हरवली कशी, तर डेबियनचा इन्स्टॉलर डिस्कवर सापडलेलं स्वॅप पार्टिशन बहुधा आपणहून वापरायला घेतो आणि नव्याने फॉरमॅट करतो. फॉरमॅट झालं की त्याचा यूयूआयडी, म्हणजे लांबलचक ओळख क्रमांक, बदलतो. मिंट अजून जुन्याच क्रमांकाच्या नावाने हाका मारतं आहे, आणि दोनदा. पहिल्यांदा कर्नलच्या टप्प्यात, हायबरनेट केलेलं काही परत आणायचं आहे का म्हणून ३० सेकंद. दुसऱ्यांदा एफएसटॅब वाचताना ९० सेकंद.

मिंटमध्येच बसून हे करा. नवा क्रमांक बघा:

एलएसबीएलके -एफ

स्वॅपच्या ओळीतला यूयूआयडी कॉपी करून ठेवा. मग एफएसटॅबची एक प्रत काढा. ही पायरी गाळू नका, त्या फाइलमधली एक चूक मशीन अडवून ठेवू शकते.

सुडो सीपी /इटीसी/एफएसटॅब /इटीसी/एफएसटॅब.ओल्ड
सुडो नॅनो /इटीसी/एफएसटॅब

स्वॅपच्या ओळीतला जुना क्रमांक पुसून नवा टाका, मग सेव्ह करून बाहेर पडायला कंट्रोल-ओ, एंटर, कंट्रोल-एक्स. लिहिलेलं बरोबर आहे का ते 'सुडो फाइंडएमएनटी --व्हेरिफाय' सांगेल. आता दुसरी जागा: /इटीसी/इनिटरॅमएफएस-टूल्स/कॉन्फ.डी/ या फोल्डरात 'रिझ्यूम' नावाची फाइल. तिच्यात मोठ्या अक्षरांत रिझ्यूम, बरोबरचं चिन्ह आणि जुना क्रमांक असेल. हायबरनेट वापरत नसाल तर बरोबरच्या पहिल्या चिन्हापुढचं सगळं पुसून लहान अक्षरांत 'नन' (एन-ओ-एन-ई, म्हणजे काहीच नाही) लिहा, म्हणजे पुढच्या वेळी कोणी स्वॅप फॉरमॅट केली तरी हे ३० सेकंद परत येणार नाहीत. फाइल नसेल तर याच एका ओळीची नवी करा. शेवटी:

सुडो अपडेट-इनिटरॅमएफएस -यू -के ऑल

ही आज्ञा दिली नाही तर फाइल बदलूनही काही होत नाही. बूटच्या वेळी वाचली जाते ती इनिटरॅमएफएसच्या, म्हणजे बूटच्या सुरुवातीला कर्नल उघडतो त्या गाठोड्याच्या, आत गुंडाळलेली जुनी प्रत. निम्मे लोक इथेच अडकतात.

बाहेरची यूएसबी डिस्क एफएसटॅबमध्ये लिहिली असेल तर तिच्या पर्यायांत 'नोफेल' घाला, म्हणजे ती जोडलेली नसताना मशीन तिच्यासाठी थांबणार नाही.

नव्या यूईएफआय (बायॉसची नवी पिढी) मशीनवर नुसत्या 'सिस्टमडी-अ‍ॅनालाइझ'च्या उत्तरात फर्मवेअर (लिनक्सच्या आधी चालणारं बायॉस) आणि लोडर असे आणखी दोन आकडे येतात. फर्मवेअरचा आकडा मोठा असेल तर लिनक्समध्ये शोधून उपयोग नाही. बायॉसमध्ये नेटवर्क बूट चालू आहे का ते बघा आणि बंद करा. लोडरचा ३० सेकंदांच्या आसपास असेल तर ग्रबचा, म्हणजे कोणती सिस्टम सुरू करायची ते विचारणाऱ्या लोडरचा, मेनू थांबला आहे. आधीचं बूट अर्धवट तुटलं की उबुंटूचा ग्रब मुद्दाम ३० सेकंद वाट पाहतो, एकदा नीट बूट झालं की पूर्ववत होतो.

प्रश्न: डेबियनवर एक्सएफसीई हा डेस्कटॉप आहे. लॉगिन झटकन होतं, पण त्यानंतरचं पहिलं अ‍ॅप उघडायला बरोबर २५ सेकंद लागतात. दुसरं लगेच उघडतं. मध्यंतरी गनोम हा दुसरा डेस्कटॉप घालून पाहिला होता.
(एक वाचक, नाशिक)

उत्तर: २५ सेकंद ही डी-बसची (प्रोग्राम एकमेकांना निरोप धाडतात त्या यंत्रणेची) उत्तराची वाट पाहण्याची ठरलेली मुदत. 'फाइल उघडा' वगैरे खिडक्यांसाठी अ‍ॅप एक्सडीजी-डेस्कटॉप-पोर्टलला हाक मारतं, पोर्टल गनोमच्या जोडीदाराला, आणि गनोम चालूच नसल्याने तो गप्प बसतो. 'सुडो एपीटी इन्स्टॉल एक्सडीजी-डेस्कटॉप-पोर्टल-जीटीके' आणि मग 'सुडो एपीटी रिमूव्ह एक्सडीजी-डेस्कटॉप-पोर्टल-गनोम'. रिमूव्ह करताना आणखी काय काय जाणार त्याची यादी वाचूनच वायची कळ दाबा. लॉगआउट करून परत या.

प्रश्न: आमच्याकडे वीज सारखी जाते-येते. आता रोज सकाळी मशीनची तारीख कित्येक वर्षं मागची दिसते, बूट रेंगाळतं, ब्राउझर 'सुरक्षित नाही' म्हणतो आणि अपडेटही होत नाही.
(एक वाचक, लांजा)

उत्तर: मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला आहे. सीआर २०३२, ३ व्होल्टचा, घड्याळजीकडेही मिळतो. मीटरवर २.८ व्होल्टच्या खाली दिसला की बदला. प्लग काढून, लिहिलेली बाजू वर ठेवून बसवा. ब्राउझर आणि अपडेट दोन्ही तारखेवर रुसले आहेत. प्रमाणपत्र 'अजून लागू झालेलं नाही' असं त्यांना दिसतं. सेल गेल्यावर बायॉसच्या सेटिंगही मूळपदावर जातात, म्हणून बूटचा क्रम आणि साटाचा, म्हणजे डिस्कच्या जोडणीचा, मोड (एएचसीआय) तपासून घ्या.

बूट रेंगाळण्याचं कारण कदाचित वेगळं असेल. वीज गेल्यावर एक्सटी४ ही लिनक्सची फाइल सिस्टम आपलं जर्नल (बदलांची नोंदवही) पुन्हा वाचून घेते, त्याला काही सेकंद पुरतात. त्याहून जास्त लागत असतील तर डिस्ककडेच संशयाने बघा:

सुडो स्मार्टसीटीएल -ए /डेव्ह/एसडीए

(आज्ञा नसेल तर स्मार्टमोनटूल्स हे पॅकेज घाला.) तक्त्यात तीन क्रमांक बघायचे, ५, १९७ आणि १९९, आणि शेवटच्या स्तंभातला आकडा. ५ म्हणजे बाद होऊन दुसरीकडे हलवलेले सेक्टर, १९७ म्हणजे वाचता न आलेले, निर्णयाच्या प्रतीक्षेतले. १९७ शून्याहून जास्त असेल तर आजच बॅकअप घ्या, बाकी सगळं नंतर. १९९ वाढत असेल तर डिस्क बहुधा बरी आहे, साटाची केबल खराब आहे. केबल बदलून पाहा, स्वस्तात सुटाल. कर्नलच्या नोंदींत ('सुडो जर्नलसीटीएल -के') 'हार्ड रीसेटिंग लिंक' अशा ओळी दिसल्या तर प्रत्येक ओळीमागे काही सेकंद जातात.

डिस्क धडधाकट असून मिनिटभर लागत असेल तर ती फिरती हार्ड डिस्क आहे आणि तिचा वेग तेवढाच आहे. अशा वेळी सेवा बंद करत बसण्यात दिवस घालवू नका. २५६ जीबीची साधी साटा एसएसडी बसवा.

प्रश्न: जुन्या लॅपटॉपमधली एसएसडी काढून नव्या इंटेल लॅपटॉपमध्ये घातली. डेबियन १२ जसंच्या तसं सुरू झालं, पण आवाजाच्या सेटिंगमध्ये फक्त 'डमी आउटपुट' दिसतं. पल्सऑडिओ काढून घातला, स्वतःला ऑडिओ ग्रुपमध्ये घातलं, सुडोने पाइपवायर चालवून पाहिला.
(एक वाचक, पुणे)

उत्तर: डमी आउटपुट म्हणजे आवाज पाठवायला खरं यंत्र सापडलं नाही, म्हणून पाइपवायरने ठेवलेला खोटा स्पीकर. यंत्र का सापडलं नाही याची उत्तरं दोन मजल्यांवर असतात. खाली कर्नल आणि त्याचा आवाजाचा भाग अल्सा, वर अ‍ॅपचा आवाज यंत्राकडे नेणारा पाइपवायर आणि कुठे न्यायचा ते ठरवणारा वायरप्लंबर. आधी खालचा मजला:

कॅट /प्रॉक/एसाउंड/कार्ड्स

इथे 'नो साउंडकार्ड्स' आलं तर वर काहीही काढलं-घातलं तरी उपयोग नाही, आणि तुमच्याकडे तेच येईल असा आमचा अंदाज. नव्या इंटेल लॅपटॉपमध्ये आवाजाचं काम एका वेगळ्या प्रोसेसरकडे, डीएसपीकडे असतं. लॅपटॉपचे मायक्रोफोन डिजिटल असले की कर्नल त्यासाठी साउंड ओपन फर्मवेअरचा, म्हणजे एसओएफचा, ड्रायव्हर निवडतो. या ड्रायव्हरला बूटच्या वेळी डिस्कवरून फर्मवेअरची फाइल लागते. जुन्या लॅपटॉपला ती कधी लागलीच नाही, म्हणून तुमच्या डेबियनमध्ये ती नाही. 'सुडो जर्नलसीटीएल -के' चालवा, तिरकी रेघ आणि एसओएफ टाइप करून शोधा. फर्मवेअरच्या नावाच्या ओळीत उणे २ दिसलं की नक्की झालं. उणे २ म्हणजे 'फाइल सापडली नाही'.

डेबियन १२पासून फर्मवेअर 'नॉन-फ्री-फर्मवेअर' या स्वतंत्र विभागात गेलं आहे. डेबियन ११वरून चढलेल्या मशीनवर हा विभाग बऱ्याचदा जोडलेला नसतो, जुना 'नॉन-फ्री' असूनही. /इटीसी/एपीटी/सोर्सेस.लिस्टमध्ये 'मेन' असलेल्या ओळींच्या शेवटी तो जोडा आणि मग:

सुडो एपीटी अपडेट
सुडो एपीटी इन्स्टॉल फर्मवेअर-एसओएफ-साइन्ड

यानंतर रीस्टार्ट नको, पूर्ण बंद करून चालू करा. डीएसपीला वीज तुटल्याशिवाय शुद्ध येत नाही असं कधी कधी घडतं.

तरीही कार्ड दिसलं नाही आणि लॅपटॉप अगदी नवा असेल, तर डेबियन १२चा ६.१ कर्नल त्याला ओळखत नसेल. बॅकपोर्ट्समधला (जुन्या डेबियनसाठी बनवलेल्या नव्या पॅकेजांच्या विभागातला) नवा कर्नल घ्या, किंवा डेबियन १३वर जा, त्यात ६.१२ आहे. आणखी एक वाट आहे: /इटीसी/मॉडप्रोब.डी/ मध्ये .कॉन्फ शेपटाची फाइल करून त्यात 'ऑप्शन्स एसएनडी-इंटेल-डीएसपीसीएफजी डीएसपी_ड्रायव्हर=१' ही ओळ लिहिली की कर्नल जुना एचडीए ड्रायव्हर वापरतो. बऱ्याच मशीनवर स्पीकर त्याने बोलू लागतात, पण आतला मायक्रोफोन बंद पडतो, कारण तो डीएसपीलाच जोडलेला असतो. इंटरनेटवर ही ओळ सर्रास सुचवली जाते, हा तोटा क्वचितच कोणी सांगतं. मीटिंग करत असाल तर या वाटेला जाऊ नका.

कार्ड दिसत असूनही डमी आउटपुट असेल तर मामला वरच्या मजल्यावरचा:

सिस्टमसीटीएल --यूजर स्टेटस पाइपवायर पाइपवायर-पल्स वायरप्लंबर

इथे सुडो लावायचं नाही. या सेवा लॉगिन केलेल्या माणसाच्या असतात, रूटच्या नव्हेत. सुडोने चालवून पाहिल्यामुळे तुमच्या घरच्या फोल्डरातल्या .कॉन्फिग आणि .लोकल/स्टेट मधल्या काही फाइल रूटच्या मालकीच्या झाल्या असतील, आणि मग वायरप्लंबर धड चालत नाही. 'एलएस -एल' करून मालक बघा, रूट दिसला तर सीएचओन आज्ञेने फाइल स्वतःच्या नावावर करा. ऑडिओ ग्रुपची आता गरज नाही, त्यातून बाहेर पडलेलं बरं. आणि कार्ड दुसऱ्याच कोणी धरून ठेवलं आहे का तेही बघा:

सुडो एफयूजर -व्ही /डेव्ह/एसएनडी/*

यात टिमिडिटी दिसला तर टिमिडिटी-डीमन पॅकेज काढून टाका. मिडी वाजवण्यासाठी घातलेला हा प्रोग्राम बूटलाच कार्डावर बसतो आणि उठत नाही.

प्रश्न: ब्लूटूथ हेडफोनवर गाणी उत्तम वाजतात. मीटिंग सुरू झाली की आवाज जुन्या फोनसारखा होतो.
(एक वाचक, ठाणे)

उत्तर: मीटिंगमध्ये हेडफोनचा माइक लागतो. गाण्यांचा एटूडीपी प्रोफाइल एकाच दिशेने चालतो, म्हणून माइक मागितला की जोडणी बोलण्यासाठीच्या एचएफपी प्रोफाइलवर जाते. तिथे एकच चॅनेल आणि बहुतेक वेळा ८ किंवा १६ किलोहर्ट्झ. हा दोष लिनक्सचा नाही, नेहमीच्या ब्लूटूथची ती मर्यादाच आहे. मीटिंगमध्ये माइक लॅपटॉपचा निवडा, ऐकायला हेडफोन ठेवा. आपोआप होणारी अदलाबदल थांबवायला, वायरप्लंबर ०.५ किंवा पुढचा असेल तर:

डब्ल्यूपीसीटीएल सेटिंग्ज --सेव्ह ब्लूटूथ.ऑटोस्विच-टू-हेडसेट-प्रोफाइल फॉल्स

प्रश्न: लॅपटॉपला बाहेरचे स्पीकर लावले आहेत. थोडा वेळ शांत राहिल्यावर काही वाजवलं की 'टक्' होतं आणि पहिला शब्द गिळला जातो. शिवाय मागे सतत बारीक गुणगुण.
(एक वाचक, सोलापूर)

उत्तर: या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. 'टक्' म्हणजे कार्ड झोपेतून उठतं तो आवाज. झोपवणारे दोघे असतात. एक ड्रायव्हर:

कॅट /सिस/मॉड्यूल/एसएनडी_एचडीए_इंटेल/पॅरामीटर्स/पॉवर_सेव्ह

शून्याखेरीज आकडा आला तर तेवढ्या सेकंदांच्या शांततेनंतर कार्डाची वीज तोडली जाते. 'एको ०'चं उत्तर पाइपने (उभ्या रेघेने) 'सुडो टी'ला (टी-ई-ई) देऊन त्याच फाइलमध्ये शून्य टाका आणि ऐका. टक् गेलं तर मॉडप्रोब.डीमधल्या फाइलमध्ये 'ऑप्शन्स एसएनडी_एचडीए_इंटेल पॉवर_सेव्ह=०' लिहून कायम करा. बॅटरी किंचित जास्त जाते. बॅटरी वाचवणारं टीएलपी घातलं असेल तर ते हा आकडा पुन्हा आपल्या मर्जीने बदलतं, तेव्हा /इटीसी/टीएलपी.कॉन्फमध्येही साउंड पॉवर सेव्हच्या दोन्ही ओळी शून्यावर आणा.

झोपवणारा दुसरा म्हणजे वायरप्लंबर, तो ५ सेकंदांच्या शांततेनंतर कार्ड सोडून देतो. शब्द अजूनही गिळला जात असेल तर त्याच्या अल्सा नियमांत 'सेशन.सस्पेंड-टाइमआउट-सेकंड्स' शून्य करा. ०.४ आवृत्तीत ही फाइल लुआ या प्रोग्रामिंग भाषेतली होती, ०.५मध्ये पद्धत बदलली. जुन्या लेखातली लुआ फाइल नव्या आवृत्तीत उतरवली तर ती वाचलीच जात नाही.

गुणगुणीसाठी टर्मिनल उघडू नका. लॅपटॉपचा चार्जर उपटा. गुणगुण त्याच क्षणी थांबली तर ती विजेची ५० हर्ट्झची घरघर आहे आणि दोष अर्थिंगचा आहे. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या अडॅप्टरमधून लावला असेल तर तो काढा. स्पीकर आणि चार्जर एकाच एक्स्टेंशन बोर्डावर घ्या. तरीही राहिली तर सॉकेटमध्ये अर्थ खरोखर जोडलेला आहे का ते वायरमनला दाखवा.

प्रश्न: ब्राउझरमध्ये बरीच पानं उघडी असली की गाणं तडतडतं.
(एक वाचक, मडगाव)

उत्तर: 'पीडब्ल्यू-टॉप' चालवा. ईआरआर स्तंभातला आकडा गाण्याबरोबर चढत असेल तर प्रोसेसर वेळेवर पोचत नाही. पाइपवायर नेहमी १०२४ नमुन्यांचा घास घेतो, ४८ किलोहर्ट्झला तो सुमारे २१ मिलिसेकंद पुरतो. घास दुप्पट करून बघा:

पीडब्ल्यू-मेटाडेटा -एन सेटिंग्ज ० क्लॉक.फोर्स-क्वांटम २०४८

रीस्टार्ट केलं किंवा शेवटचा आकडा ० देऊन हीच आज्ञा पुन्हा चालवली की बदल पुसला जातो. ईआरआर स्थिर असूनही तडतड ऐकू येत असेल तर हेडफोनची पिन अर्धा मिलिमीटर बाहेर राहिली आहे का ते आधी बघा.